माहेरचा टिपका

द्वारकाबाई शिंगाडेचा हात हलका आहे, हे बोरजाईवाडीच्या आसपासच्या बारा गावांत कोणीही सांगेल. हलका म्हणजे केवढा? तर गोंदून संपलं तरी पोरी विचारत, "मावशी, सुरू कधी करताय?" आता माणदेशात पावसाचा तुटवडा असला तरी गप्पांचा नाही, तेव्हा यातलं थोडं तिखटमीठ समजून सोडून द्या. बाकीचं मात्र खरं होतं. तिची आई जत्रा-जत्रांतून गोंदत हिंडायची. दिव्याची काजळी, झाडपाल्याचा रस आणि दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन सुया, एवढाच संसार. बायका ओट्यावर बसवून हौसेनं गोंदून घ्यायच्या आणि ती उठून गेली की ओटा पाण्यानं धुऊन काढायच्या. द्वारकाबाईनं लहानपणी हे कितीदा तरी वळून बघितलं होतं.

आणि आता तीच द्वारकाबाई बोरजाईवाडीच्या ग्रामीण रुग्णालयात, पंख्याखाली, फिरत्या खुर्चीवर बसत होती. समोर टेबलावर पाटी: 'त्वचा-अंकन सहायक'. पहिल्यांदा ती वाचून दाखवली तेव्हा बाई म्हणाली, "म्हंजी गोंदणारीच की! मग सरळ तसं लिवायला काय झालं?" तोंडानं असं म्हणायची, पण रोज सकाळी पदरानं त्या पाटीवरची धूळ पुसायला चुकायची नाही.

ही खुर्ची तिला मिळवून दिली ती युरोपियम नावाच्या एका धातूनं. याच्या सगळ्या भावकीला दुर्मिळ मृदा धातू म्हणतात. नावावर जाऊ नका. यातले बरेचसे जमिनीत सोन्याहून कितीतरी जास्त आहेत, फक्त एकमेकांत असे कालवून बसतात की वेगळे काढताना माणसाचा घाम निघतो. औषधोपचारात या भावकीनं केव्हाच पाय रोवले होते. त्यातलं गॅडोलिनियम एमआरआयच्या आधी शिरेतून टोचतात, म्हणजे आतलं चित्र उजळ येतं. ल्युटेशियमचा एक किरणोत्सारी प्रकार कॅन्सरच्या पेशीला शोधून तिला जाऊन चिकटतो आणि तिथल्या तिथं जाळतो. द्वारकाबाईचा नवरा बाळासाहेब याला त्याचेच डोस चालू होते. प्रोस्टेटचा कॅन्सर, दर दीड महिन्यानं पुण्याची वारी. डोस घेऊन आला की त्याच्या अंगातून काही दिवस थोडे किरण बाहेर पडत, आणि बायकोची ऊठबस गरोदर पोरींत. म्हणून म्हातारा पंधरा दिवस मळ्यातल्या खोपटात मेंढरांपाशी राहायचा. "चाळीस वर्सं भांडून जे जमलं न्हाई, ते एका इंजेक्शनानं केलं," असं भेटेल त्याला हसत सांगायचा.

युरोपियमचा गुण वेगळा. त्याच्यावर जांभळा उजेड मारला की ते लाल चमकतं. चमकायला कातडीही चमकते, पण तिची चमक काडेपेटीतल्या काडीसारखी, भुर्रकन विझणारी. युरोपियम गोवरीसारखं मागं धुगधुगत राहतं. सेकंदाचा हजारावा भाग का होईना, पण राहतं. तेव्हा दिवा चमकवायचा, कातडी विझेपर्यंत दम धरायचा आणि मग मोजायचं. उरतो तो निव्वळ धातूचा उजेड. शास्त्रज्ञांनी या धातूभोवती रेणूंचा एक पिंजरा विणला. गरोदर बाईची वार बिघडायला लागली की रक्तात एक प्रथिन वाढतं. ते पिंजऱ्यात अडकलं की लाल चमक वाढते. पुढं दोन-चार आठवड्यांनी रक्तदाब चढतो, अंग सुजतं, झटके येतात, आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. त्याची ही आगाऊ वर्दी.

म्हणून गरोदर बाईच्या मनगटावर, आतल्या बाजूला, चार टिपके युरोपियमचे गोंदायचे. मधोमध पाचवा टर्बियमचा. टर्बियम म्हणजे युरोपियमचा भाऊबंद. तो हिरवा चमकतो आणि रक्तात काहीही होवो, बदलत नाही. दिव्याला वाटीसारखं तोंड होतं. ते मनगटावर ठेवलं की दिवा चित्रबित्र काढत नसे, सगळा लाल उजेड आणि सगळा हिरवा उजेड मोजायचा आणि लालला हिरव्यानं भागायचा. हिरवा म्हणजे तराजूतलं माप, लाल म्हणजे माल. आकडा तिसाच्या आत आला तर उत्तम, दिव्यावर हिरवी खूण उमटायची. तिसाच्या वर लक्ष ठेवायचं. चाळिसाच्या वर लाल खूण, सरळ दवाखाना.

फक्त गोंदायचं कसं, इथं घोडं अडलं. शहरातून आलेलं यंत्र सगळ्यांना सारखंच टोचायचं. कोणाचे टिपके कातडीबरोबर झडून गेले, कोणाला रक्त आलं. रुग्णालयाचे डॉक्टर तन्वीर मुजावर, वय तिशीचं, माणूस हुशार पण उतावळा, डोक्याला हात लावून बसले होते. त्यांच्या आजीच्या कपाळावर गोंदण होतं आणि साठ वर्षांत ते तसूभर फिकं झालं नव्हतं. एवढ्यावरून त्यांनी द्वारकाबाईला शोधून काढलं. बाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "कातडीचा दुसरा पदर लागला की सुईच सांगती, बास. तुमच्या मशिनीला कान न्हाईत, सायेब."

डॉक्टरांनी तिला एकच गोष्ट बजावली होती. "मावशी, पाच म्हणजे पाच. नक्षी नाही, वेलबुट्टी नाही."

"व्हय," द्वारकाबाई म्हणाली होती.

पण तिच्या आईचा एक रिवाज होता. पोर गोंदून घ्यायला आली आणि तिला आई नाही असं कळलं, तर मागितलेलं गोंदून झाल्यावर एक टिपका आपल्याकडून द्यायचा. त्याला माहेरचा टिपका म्हणायचं. तो दिला की ती पोर गोंदणारीची लेक झाली, आणि लेक कधी दारात आली तर तिला नाही म्हणायचं नाही.

ईश्वरी गोरड चौथ्या महिन्यात आली तेव्हा चैत्र होता. बावीस वर्षांची, सडपातळ, अबोल. पाच टिपके होईतो तिनं हूं की चूं केलं नाही. द्वारकाबाईला अशा पोरींची जरा काळजीच वाटायची. ज्यांना रडायला कोणी नसतं त्या रडत नाहीत.

"आईला घिऊन यायचं की गं संगट," ती म्हणाली.

"आई न्हाई, मावशी. मी दुसरीत होते तवाच गेली."

पाचवा, हिरवा टिपका नुकताच झाला होता. सुई अजून ओली होती. डॉक्टर पाठमोरे उभे राहून फोनवर कोणाला तरी औषधांसाठी झापत होते. द्वारकाबाईनं अंगठ्याच्या आडोशानं सुई पुन्हा टेकवली.

ईश्वरी पोर मोजणारी होती. "सहा झाले की. डॉक्टर पाच म्हणाले होते."

"सहावा माहेरचा. कुणाला बोलू नगंस."

ईश्वरीनं मनगटाकडं बघितलं. तिथं दिसत काहीच नव्हतं, ही शाई डोळ्याला दिसतच नाही. तरी ती बघत राहिली आणि पहिल्यांदाच हसली.

दिवा आला आणि गावाचं बोलणंच बदललं. आशाताई दर सोमवारी दिवा घेऊन दारोदार जायच्या आणि मागोमाग आकडे गावभर व्हायचे. "कशी हाईस गं?" असं विचारायची चालच मोडली. मनगट पुढं कर म्हणायचं. सासवा गिरणीत, बचतगटात, सुनांचे आकडे सांगू लागल्या, पोरांचे मार्क सांगावेत तसे. मान्यांच्या सुनेचा आकडा चौतीस आला तेव्हा सासूनं तिला खाटेवरून उतरू दिलं नाही, पाणी स्वतः ओढलं. त्या बाईनं जन्मात सुनेला आयता चहा दिला नव्हता. हे चांगलंच झालं. पण ज्यांचा आकडा कमी, त्यांची कंबर दुखायची सोय राहिली नाही. "बारा हाय की तुजा आकडा, मग पाठ कशानं दुखती?" आणि रक्तदाब मोजायचा तो पट्टा रुग्णालयाच्या कपाटावर जाऊन पडला. त्याच्या खोक्यात पालीनं अंडी घातली तरी कोणाला पत्ता नव्हता.

भाद्रपदातल्या एका गुरुवारी डॉक्टर मुजावरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. त्यावर ठिपकेच ठिपके.

"हे बघा, आपल्या दोनशे चाळीस बायका," डॉक्टर म्हणाले. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. "बहुतेकींचे आकडे इथं, वर. पण या खाली बघा! एकतीस बायका. यांचे आकडे सुरुवातीपासून इतरांच्या जवळजवळ निम्मे. म्हणजे धोका निम्मा! जगात कुठं असं दिसलेलं नाही. या एकतीसजणींत काहीतरी सारखं आहे, ते शोधायचंय."

"हुलग्याचं माडगं," आशाताई लगेच म्हणाल्या. "त्यातल्या चारजणी रोज पितात, मला माहीत आहे."

"मलाही तेच वाटतंय!" डॉक्टर म्हणाले. "पुढच्या महिन्यात पुण्यात परिषद आहे. हुलग्यावर बोलणार आहे मी."

शिपाई म्हणाला, हुलगा नव्हे, विहिरीचं पाणी. नर्स म्हणाली, दोन्ही नव्हे, त्या बायका उपास करत नाहीत. पाचेक मिनिटं अशी जुंपली की काय विचारता. कोणीतरी म्हणालं, "काही म्हणा, द्वारकामावशीच्या हाताला गुण आहे," आणि सगळे तिच्याकडं बघून हसले. तीही हसली. मग डॉक्टरांनी त्या एकतीस नावांची यादी वाचायला घेतली.

"पायल काळेल. ऋतुजा विरकर. ईश्वरी गोरड. सानिका लुबाळ..."

द्वारकाबाईचं हसू तोंडातच राहिलं. प्रत्येक नावाला तिच्या डोळ्यांपुढं एकेक पोर येत होती. कोणाची आई बाळंतपणात गेलेली, कोणाची साप चावून, कोणाची घर सोडून. एकतीसच्या एकतीस. हुलग्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

"सायेब," ती म्हणाली, "तराजूतलं मापच जड झालं तर?"

"तर तेवढाच माल हलका दिसेल. का हो मावशी?"

"न्हाई, सहज."

ती बाहेर आली. सहावा टिपका हिरव्या सुईचा होता. माप जड झालं होतं, आणि आकडे छान येत होते ते त्यामुळं. सांगितलं तर काय होणार हे तिला कळत होतं. खुर्ची जाणार, पाटी जाणार, आणि 'गोंदणारीला सरकारी कामाला लावलं की असंच व्हायचं' हे बारा गावं बोलणार. त्यांच्या माणसांतल्या कोणाला खुर्ची मिळाली ती पहिल्यांदाच. तिला भीती वाटली, खरोखर भीती वाटली, आणि ती तशीच दळण आणायला गिरणीकडं गेली. पोरी ठणठणीत आहेत, असं ती स्वतःला सांगत होती. दोन-चार महिन्यांत बाळंत होतील, मग कोण विचारतंय?

गिरणीत ईश्वरीची सासू शालन भेटली. शालन म्हणजे गावातलं वर्तमानपत्र, आणि तेही रविवारचं.

"तुमचा हातगुण बाई!" शालन पीठ चाळीत म्हणाली. "आमच्या ईश्वरीचा सोमवारी चोवीस. हिरवा दिवा! आता आठवा सरत आला. पर नाटकं बगा की तिची. दोन दिस झालं, डोकं दुकतंय म्हणून निजून हाय. डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात म्हणं. म्या म्हणलं, चोवीस आकडा हाय तुजा, ऊठ, हौद धू. काल तर बांगड्या रुतल्या हातात, साबणानं निगंनात. कापून काढल्या, नव्या कोऱ्या!"

द्वारकाबाईनं तिची चाळण हातानं थांबवली. "शालन," ती म्हणाली, "चोविसाची दुप्पट किती गं?"

"अठ्ठेचाळीस. का?"

द्वारकाबाईनं पिठाचा डबा तिथंच टाकला आणि उलट पावली रुग्णालयाकडं निघाली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे कुरकुरणारे, पण त्या दिवशी ती पळाली. वाटेत दोघांनी विचारलं, काय झालं? ती थांबली नाही.

डॉक्टर मुजावर तक्त्यावर एकतीस ठिपक्यांभोवती हिरवं वर्तुळ काढत होते. द्वारकाबाई दारातच बोलायला लागली, आत यायचंही भान नव्हतं. आईचा रिवाज, ओली सुई, सहावा टिपका, सगळं एका दमात.

डॉक्टरांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "पाच सांगितले होते ना मी? तुम्हाला कळतंय का काय केलंय? या बायकांना आपण सहा महिने सांगतोय की तुम्ही बऱ्या आहात!"

"कळतंय म्हणून तर आली, सायेब. शिव्या मागनं द्या. गोरडाच्या ईश्वरीला बगा आधी. तिच्या बांगड्या कापल्या काल."

'बांगड्या' ऐकल्यावर डॉक्टरांनी हातातलं पेन टाकलं. डोकेदुखी, डोळ्यांपुढं काजवे, हाताला सूज. हे त्यांना पुस्तकात बघावं लागत नव्हतं. स्टुलावर चढून त्यांनी कपाटावरचा तो पट्टा काढला, झटकला, नर्सला दिवा घेऊन बरोबर यायला सांगितलं आणि रुग्णवाहिका काढायला लावली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "बाकीच्या कोणकोणत्या? यादी केली होती का?"

"यादी कशाला?" द्वारकाबाई म्हणाली आणि नावं सांगायला लागली. गाव, घर, सासूचं नाव, कितवा महिना, आई कशानं गेली. एकतीस पुरी केली. डॉक्टरांनी ती त्यांच्या यादीशी ताडून पाहिली. एकही नाव इकडचं तिकडं नव्हतं.

गोरडांच्या घरी ईश्वरी आतल्या खोलीत डोळ्यांवर ओढणी घेऊन पडली होती. चेहरा भरल्यासारखा, ओळखू येणार नाही इतका. शालन गिरणीतून धापा टाकत मागोमाग आलीच. "अवो, चोवीस हाय तिचा! मोजा की परत!"

डॉक्टरांनी मोजला. दिव्यावर हिरवी खूण आणि आकडा चोवीस.

"बगा!" शालन म्हणाली.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. एकशे बहात्तर वर, एकशे बारा खाली. त्यांनी नर्सला इंजेक्शन काढायला सांगितलं. "मला खरा आकडा पाहिजे. जिल्ह्याच्या डॉक्टरांना सांगावा लागेल. सहावा झाकला पाहिजे, पण नेमका तेवढाच, आणि त्यातून उजेड जाता कामा नये. कुठं आहे तो? मला दिसत नाही."

दिसणार कोणाला? द्वारकाबाई खाली बसली. तिनं ईश्वरीचं मनगट मांडीवर घेतलं आणि बोटाच्या टोकानं चाचपत गेली. सुजलेल्या कातडीवरही तिला आपला टिपका सापडला. मग तिनं स्वतःच्या कपाळावरची टिकली काढली, काळी, मोठी, मखमलीची, आणि बरोबर त्यावर चिकटवली.

"आता मोजा."

सेहेचाळीस. दिव्यावर लाल खूण उमटली.

शालननं दिव्यावर वाकून तो आकडा बघितला. आकडा गावभर मिरवणारी बाई ती. "म्या तिला हौद धुवायला लावला," एवढंच ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. ईश्वरीनं ओढणी बाजूला केली. तिला उजेड सहन होत नव्हता, तरी तिनं द्वारकाबाईचा हात धरला.

"मावशी, मी नाटक करत नव्हते."

"न्हाई गं बाय माजी. चुकी माजी हाय, तुजी न्हाई." द्वारकाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचायला दीड तास लागला. झटके येऊ नयेत म्हणून वाटेत औषध चालू होतं. तिथं दारातच एका नर्सनं कागद पुढं केला. नाव, वय, महिना, रक्तगट. ईश्वरीचा नवरा ओंकार चाकणहून निघाला होता, पण अजून वाटेत होता.

"सोबत कोण आहे?"

"मी, सासू," शालन म्हणाली.

"बरं. आणि माहेरचं कोणी?"

शालननं मान खाली घातली. ईश्वरीच्या बापानं दुसरं लग्न केल्यापासून त्या घराची वाट मोडली होती, हे तिला माहीत होतं; पोराच्या लग्नात तिनंच ते चार वेळा बोलून दाखवलं होतं.

"मी हाय," द्वारकाबाई म्हणाली. "लिवा. माहेरची, द्वारकाबाई बाळासाहेब शिंगाडे."

नर्सनं लिहिलं आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढं केला. जन्मभर दुसऱ्यांच्या अंगावर शाई लावलेली बाई, तिनं आपला अंगठा त्या शाईत चांगला दाबून बुडवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी, एक किलो नऊशे ग्रॅम, रडणं मात्र अडीच किलोचं. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. ईश्वरीचा रक्तदाब चार दिवसांनी उतरला. "अजून दोन दिवस उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो," असं तिथल्या डॉक्टरांनी ओंकारला सांगितलं, आणि ते ऐकून शालननं रुग्णालयाच्या गणपतीपुढं दोन नारळ फोडले.

इकडं डॉक्टर मुजावर आणि आशाताई टिकल्यांची पाकिटं आणि तो जुना पट्टा घेऊन बारा गावं पालथी घालत होते. द्वारकाबाई बरोबर असायचीच. तिच्याशिवाय टिपका सापडायचा कोणाला? अजून दोघींचे आकडे तिसाच्या वर निघाले. त्यांना वेळीच गोळ्या मिळाल्या. बाकीच्या खरोखर ठणठणीत होत्या. हुलग्याचं भाषण अर्थातच रद्द झालं.

चौकशीचा कागद आला, येणारच होता. द्वारकाबाईला दोन महिने सुईला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. डॉक्टरांनीही स्वतःचा जबाब लिहून दिला: दिवा आला म्हणून पट्टा बांधायचा आणि बाईला 'कशी आहेस' असं विचारायचं आम्ही सोडलं, ही चूक माझी. कोणी लिहायला सांगितलं नव्हतं.

दोन महिने घरी बसून करायचं काय, असं द्वारकाबाई म्हणत होती. पण वीस दिवसांनी दारात रिक्षा थांबली. आतून ईश्वरी उतरली, कुंचीत गुंडाळलेली पोर घेऊन. मागून शालन, डोक्यावर ज्वारीचं बोचकं आणि हातात डिंकाच्या लाडवांचा डबा.

"पहिलं बाळंतपण माहेरी असतंय," शालन म्हणाली. "माज्याकडनं रीत मोडायची न्हाई. सव्वा महिन्यानं न्यायला येईन." आणि आत येऊन ओट्यावर ऐसपैस बसली, चहा मागितला.

बाळासाहेबाचा डोस दोनच दिवसांपूर्वी झाला होता. तो मळ्यातल्या खोपटातून लांबूनच ओरडला, "पंदरा दिस म्हणालेत डॉक्टर, पर म्या महिनाभर हितंच ऱ्हातो! नातीला काय हुयाला नगं!" रोज सकाळी तो बांधावर दुधाची कासंडी ठेवायचा, मागं सरकायचा, आणि द्वारकाबाई पोरीला ओसरीतूनच उचलून दाखवायची. म्हाताऱ्याच्या अंगात एक धातू काम करत होता, ईश्वरीच्या मनगटावर दुसरा. दोघांच्या मधे पन्नास पावलांचं अंतर होतं आणि घर मात्र भरलेलं होतं.

दोन महिने सरले. द्वारकाबाई खुर्चीवर परत गेली. टेबलावर दोनाऐवजी तीन बाटल्या होत्या.

"ही साधी काजळीची शाई आहे," डॉक्टर म्हणाले. "यात धातू नाही. पाच टिपके माझे. सहावा तुमचा, पण या बाटलीतला, वेगळ्या सुईनं, आणि मनगटापासून चार बोटं वर. आणि मला सांगून."

"सांगून," द्वारकाबाईनं कबूल केलं.

राहिला प्रश्न त्या एकतीस हिरव्या टिपक्यांचा. पुढच्या बाळंतपणाला पुन्हा तोच घोळ नको, म्हणून डॉक्टरांनी लेझर मागवला. त्याच्या पोटातही याच भावकीतला नियोडिमियम. पाच मिनिटांत टिपका जातो, डागही राहत नाही. एकतीसजणींना चिठ्ठ्या गेल्या. बुधवारी सकाळी दहाला यावं.

बुधवारी दहा वाजले. अकरा वाजले. बाराला डॉक्टरांनी यंत्र बंद केलं आणि ईश्वरीला फोन लावला. तीच त्यातल्या त्यात जवळची होती, आणि उपकारानं तरी येईल असा त्यांचा हिशेब होता.

"तू सुद्धा नाही आलीस? अगं, तुझ्या जिवावर बेतलं होतं त्या टिपक्यानं!"

"माहीत आहे, डॉक्टर," ईश्वरी म्हणाली. मागं पोर रडत होती, शालन तिला खेळवत काहीतरी गात होती. "पुढच्या वेळी आम्ही टिकली लावू. आमचं सगळ्यांचं बोलणं झालंय. माहेर कोणी पुसून घेतं होय?"

डॉक्टर मुजावरांनी फोन ठेवला. मग त्यांनी जिल्ह्याला पाठवायचं मागणीपत्र पुढं ओढलं. कापूस, स्पिरिट, हातमोजे लिहून झाले होते. त्याखाली त्यांनी लिहिलं: टिकली, काळी, मोठी, मखमली, बारा पाकिटं. आणि कारणाच्या रकान्यात, 'रुग्णांचा आग्रह'.